त्सुकुबाचं शेवटचं वळण आणि चार मीटर उशिरा येणारा आवाज

दादा एकाच कॉर्नरला सलग नऊ वेळा स्पिन झाला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, स्वतःचं गॅरेज आहे, आणि बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून टॅपेट वाजतंय की बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. गाडी तर असली सफाईने चालवतो की शेजारी बसलेल्याला गिअर बदललेला कळत नाही. तो माणूस माझ्या रेसिंग गेमच्या सेटअपवर पहिल्यांदा बसला आणि नऊ वेळा एकाच जागी गाडी गर्रकन फिरून गवतात. हे का झालं आणि शेवटी कशाने थांबलं, ते सगळं नीट लिहून ठेवतोय, कारण रेसिंग गेममधलं हँडलिंग खरं असतं का आणि आवाज किती खरा असतो यावर मी इतकी वर्षं वाद घातलेत, पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच हे मला या एका प्रकरणात कळलं.

आधी सामान काय होतं ते सांगतो. गाडी १९८९ च्या पहिल्या पिढीची माझदा एमएक्स ५, १.६ लिटर इंजिन, ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर, साडेनऊशे किलोच्या घरात वजन, पॉवर मागच्या चाकांना. मुद्दाम साधी गाडी दिली, कारण साडेपाचशे हॉर्सपॉवरची गाडी दिली असती तर स्पिन होण्यात काही नवल नव्हतं. ट्रॅक त्सुकुबा, जपानमधला जेमतेम दोन किलोमीटरचा, आणि त्याच्या शेवटी लांबच लांब उजवं वळण, ज्यात तुम्ही कितीतरी वेळ स्टिअरिंग धरून नुसते टेकून असता. हीच ती जागा. स्टिअरिंग आतल्या मोटरचा जोर गिअरमधून हाताला देणारं, ९०० अंश फिरणारं, साधे तीन पॅडल, २७ इंची एक मॉनिटर, आणि कानाला वायरलेस हेडफोन. गेमचं नाव घेत नाही, कारण दोष गेमचा नव्हताच.

नवव्या स्पिननंतर दादाने स्टिअरिंग सोडलं आणि म्हणाला, "ही गाडी सांगत नाही रे. खरी गाडी सुटायच्या आधी सांगते. ही एकदम सुटते."

मी हे वाक्य ऐकलं पण चुकीचं ऐकलं. मला वाटलं तो फिजिक्सला नावं ठेवतोय, म्हणजे या गेमचं टायर मॉडेल, टायरच्या पकडीचं गणित, खोटं आहे असं त्याला म्हणायचंय. आणि मग मी जे सगळे करतात तेच केलं, टायर मॉडेलच्या मागे लागलो. पूर्ण एक शनिवार-रविवार त्यात गेला. प्रेशर कमी करून बघितलं, टायर गरम करूनच मग टाइम धरायचा असं ठरवलं, मागचा अँटी रोल बार (वळणात गाडी कलंडू न देणारा दांडा) सैल केला, दुसऱ्या टायरचा सेट लावला. फरक पडायचा, पण जो फरक पडायचा तो गाडी जास्त ढिली किंवा जास्त घट्ट होण्याचा, दादाच्या तक्रारीला त्याने हात लागत नव्हता. घट्ट केलेली गाडीसुद्धा सुटली की एकदमच सुटायची.

इथे थोडं मागे जाऊन टायरबद्दल बोलायला पाहिजे, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. वळणात टायरचं तोंड एकीकडे असतं आणि टायर प्रत्यक्षात जात असतो थोडा दुसरीकडे, या दोन दिशांमधला जो कोन त्याला स्लिप अँगल म्हणतात. कोन वाढवला की ग्रिप वाढते, वाढत वाढत एका ठिकाणी शिखर येतं, रस्त्याच्या साध्या टायरला ते सहा-आठ अंशांच्या आसपास किंवा थोडं पुढे, आणि तिथून पुढे कोन वाढवला की ग्रिप उलट कमी होते. ही वक्ररेषा गणितात बसवायचं काम हान्स पॅसेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, १९८७ मध्ये त्यांचा पेपर आला, आणि त्या फॉर्म्युल्याला लोक आजही मॅजिक फॉर्म्युला म्हणतात. त्यानंतर १९९८ मध्ये पॅपिरस कंपनीचा ग्रां प्री लेजंड्स हा गेम आला, १९६७ च्या ग्रां प्री सीझनच्या गाड्या, आणि तेव्हा खेळलेल्या लोकांना विचारा, पहिल्या दिवशी धड एक लॅप पूर्ण होत नव्हता. मग आयरेसिंग हा गेम, २००८ पासून, फिजिक्स सेकंदाला ३६० वेळा मोजतो. २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्ट गेमने प्रत्येक टायर रस्त्याला टेकायचा आधी एक बिंदू धरला जायचा त्याऐवजी आठ बिंदू धरले. म्हणजे टायरचं गणित हा आज गरीब विषय राहिलेला नाही, आणि लोक मात्र अजून तिथेच भांडतात, ३३३ हर्ट्झ (सेकंदाला ३३३ वेळा मोजणं) भारी की ४०० हर्ट्झ भारी. मीही भांडलोय.

आणि या गणितात दम आहे की नाही याचा पुरावा ट्रॅकवर दिसलाच आहे. २००८ मध्ये निस्सान आणि प्लेस्टेशनने जीटी अकॅडमी काढली, ग्रॅन टुरिस्मो हा गेम खेळणाऱ्यांतून खरे रेसिंग ड्रायव्हर निवडायची, पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोन्येझ, आणि तो २०११ मध्ये ले मांच्या २४ तासांच्या रेसमध्ये, एलएमपी २ नावाच्या गटात, आपल्या टीमबरोबर दुसरा आला. सोफ्यावर बसून शिकलेलं सगळं खोटं असतं तर हे झालं नसतं.

तर पुढच्या वेळी मी सेटअपला हात न लावता टेलिमेट्री, म्हणजे प्रत्येक लॅपची वेग-पॅडल-स्टिअरिंगची नोंद, उघडली. दादाचे पाच लॅप एकावर एक ठेवले. आणि चित्र इतकं स्वच्छ दिसलं की मला आधी हे न केल्याबद्दल वाईट वाटलं. पाचही वेळा तो वळणात ठीकठाक येतो, ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास, ऍक्सिलरेटर अर्ध्यावर स्थिर, मग मध्यावर कुठेतरी पाय झटकन शून्यावर येतो, आणि त्याच्या अर्ध्या सेकंदात मागचं टोक सुटलेलं.

पाय उचलला की काय होतं ते दादाला मी सांगायची गरज नव्हती, त्यानेच मला सांगितलं. वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. मी ढोबळ हिशोब केला, एवढ्या लहान गाडीत, २.२६५ मीटर व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), पाय दिलेला असताना आणि उचलल्यावर मागच्या ऍक्सलवरच्या वजनात सहज तीस-चाळीस किलोचा फरक पडतो, वर इंजिन ब्रेकिंगचा ओढा पण मागच्याच चाकांवर, आणि हे सगळं नेमकं तेव्हा जेव्हा मागचे टायर शिखराच्या काठावर उभे आहेत. गाडी फिरणारच. खरी गाडी पण फिरेल. म्हणजे गेम चुकीचं काही दाखवत नव्हता, उलट फार बरोबर दाखवत होता.

मग प्रश्न असा उरला की वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने वळणाच्या मध्यात पाय उचललाच का? मी त्याला रिप्ले लावून दाखवला आणि विचारलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "मला तिथे कळतं की काहीतरी झालंय, पण झाल्यावर कळतं. म्हणून मी दचकतो."

हे ऐकलं तेव्हा त्याचं पहिलं वाक्य मला खरं समजलं. गाडी सांगत नाही. म्हणजे फिजिक्स गाडीच्या पोटात सगळं बरोबर मोजतंय पण ती बातमी ड्रायव्हरपर्यंत पोचत नाहीये, किंवा वेळेवर पोचत नाहीये. खऱ्या गाडीत ही बातमी चार वाटांनी येते, बुडाखालच्या सीटमधून, हातातल्या स्टिअरिंगमधून, डोळ्यांनी, आणि कानांनी. माझ्या खोलीत सीटची वाट बंदच आहे, खुर्ची जमिनीवर आहे, ती कुठे ओढली जात नाही. राहिल्या तीन. आम्ही तिन्ही तपासायचं ठरवलं, एकेक.

डोळ्यांचं काम पटकन झालं. माझ्या गेममध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर जगाचा किती कोन दिसतो ते, आडवा ९० अंशांच्या जवळ ठेवलेला होता, कारण त्यात दोन्ही बाजूचे आरसे दिसतात आणि स्पीड भारी वाटतो. आता २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटीमीटर रुंद, मी बसतो ७० सेंटीमीटरवर, तर त्या मॉनिटरच्या चौकटीतून खरं जग बघितलं तर ४६ अंशच दिसायला पाहिजे. यातली गोम स्पीडमध्ये नाहीये, फिरण्यात आहे. गाडीचं नाक ५ अंश आत वळलं तर ४६ अंशांच्या सेटिंगला समोरचं दृश्य स्क्रीनवर सहा सेंटीमीटर सरकतं आणि ९० ला जेमतेम अडीच. म्हणजे मागचं टोक सुटायला लागलंय हे डोळ्यांना दिसायचं ते निम्म्याहून कमी दिसत होतं. ४६ वर कडेचं काहीच दिसेना म्हणून आम्ही ५८ वर थांबलो. दादाला पहिल्या दोन लॅपला गाडी हळू वाटली, नंतर तो म्हणाला की आता रस्ता खऱ्या मापाचा झाला.

हाताचं प्रकरण थोडं खोल होतं. फोर्स फीडबॅक म्हणजे स्टिअरिंगमधली मोटर हाताला जो जोर देते तो, त्याचा गेन (प्रमाण) मी १०० वर ठेवला होता, जड स्टिअरिंग म्हणजे चांगलं स्टिअरिंग या समजुतीने, आणि ही समजूत फार लोकांची आहे. पण छोट्या मोटरची ताकद तेवढीच. वळणात गेम जेवढा जोर मागतो तेवढा मोटर देऊ शकत नाही, मग वरचा सगळा भाग सपाट कापला जातो, याला क्लिपिंग म्हणतात. आता यात काय हरवतं बघा. टायर शिखराच्या थोडं आधी असताना एक गोष्ट होते, स्टिअरिंग हलकं व्हायला लागतं. टायर जिथे रस्त्याला बाजूचा रेटा देतो ती जागा टायरच्या मध्यापेक्षा थोडी मागे असते, तेवढ्या अंतरामुळे चाक स्वतःहून सरळ व्हायला बघतं आणि तोच ताण आपल्या हाताला लागतो, पण टायर शिखराजवळ आला की ते अंतर कमी होत जातं. ग्रिप अजून वाढतेय पण हाताला हलकं लागतंय, हीच ती पूर्वसूचना, आणि चांगला ड्रायव्हर हिच्यावरच जगतो. ही सूचना पुढच्या चाकांची, मागच्यांची नव्हे, हे मान्य, पण मागचं टोक सुटायला लागतं तेव्हा पण स्टिअरिंगच्या ताणात तसाच बारीक बदल येतो. माझ्या सेटिंगमध्ये हा सगळा चढउतार कापलेल्या सपाट भागात गाडला जात होता. हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं जड. गेन ६५ वर आणला, गेममधला फोर्सचा मीटर लाल व्हायचा थांबला, आणि दादाने वळणात स्टिअरिंग धरून ठेवत मान हलवली. काही बोलला नाही पण मान हलवली.

आता दहापैकी चार-पाच वेळाच स्पिन. बराच फरक. पण अजून तो मधूनच दचकायचा, आणि दचकला की पाय वर.

कानाकडे मी शेवटी वळलो कारण मला वाटत होतं तिथे प्रॉब्लेम असूच शकत नाही, हेडफोन चांगले, महागातले, आवाज दणदणीत. दादाच आधी वळला. सरळ रस्त्यावर चौथा टाकताना त्याने अचानक गाडी थांबवली. मला म्हणाला, "थांब, हे बघ." उभ्या गाडीत क्लच दाबून त्याने रेस दिली, सोडली, दिली, सोडली. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाच्या गाडीला देतो तशी. पाच-सहा वेळा. मग म्हणाला, "पाय आधी जातोय, आवाज मागून येतोय. तुला नाही वाटत?"

मला नव्हतं वाटत. मला त्या उशिराची इतकी सवय झाली होती की तो मला ऐकूच येत नव्हता.

मोजायचं ठरवलं. मोबाईलचा व्हिडिओ, सेकंदाला ६० फ्रेम, कॅमेरा स्टिअरिंगमागच्या, बोटाने ओढून गिअर बदलायच्या पॅडलवर, आणि हेडफोनचा एक कान मोबाईलच्या माइकला टेकवलेला. पॅडल ओढलेली फ्रेम शोधायची, मग गिअरचा खट्ट आवाज साउंडच्या रेघेत कुठे सुरू होतो ते बघायचं आणि मधल्या फ्रेम मोजायच्या. दहा वेळा केलं. वायरलेसवर बहुतेक वेळा १४ फ्रेम. मग जुना वायरचा हेडफोन शोधून काढला, तेच पुन्हा, ५ फ्रेम. त्या ५ मध्ये गेमचा आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा वेळ आला, तो काही जात नाही. पण मधल्या ९ फ्रेम म्हणजे १५० मिलिसेकंद, हा निव्वळ ब्लूटूथचा उशीर. यात हेडफोन खराब असायची गरज नाही, साध्या ब्लूटूथला आवाज बारीक करून, पाठवून, परत उलगडायला एवढा वेळ लागतोच, पण पिक्चर बघताना तो कधी कळत नाही कारण तिथे प्लेअर चित्रच तेवढं मागे धरतो आणि ओठ आवाजाशी जुळतात. गेममध्ये चित्र मागे धरता येत नाही, तुमचा हात चालू आहे.

ताशी ९५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २६ मीटर आणि थोडं वर. त्याला १५० मिलिसेकंदाने गुणलं तर चार मीटर. त्या एमएक्स ५ ची लांबी बंपर ते बंपर चार मीटरला थोडी कमी. म्हणजे टायर ओरडायला लागला, आणि ती ओरड दादाच्या कानात पडेपर्यंत गाडी स्वतःच्या अख्ख्या लांबीएवढी पुढे गेलेली होती. मला हा आकडा कागदावर बघून धक्का बसला. हात यूएसबीने वेळेवर बातमी आणतोय, डोळे जवळजवळ वेळेवर, आणि कान चार मीटर मागची बातमी आणतोय. ज्याचा कान कच्चा त्याला याने फार फरक पडला नसता. दादाचा कान पक्का आहे, तो आयुष्यभर कानावर विश्वास ठेवून काम करत आलाय, म्हणून त्यालाच सगळ्यात जास्त फसवलं गेलं. टायर ओरडला की तो त्याच्या सवयीप्रमाणे "आत्ता सुरुवात होतेय" असं समजायचा, आणि खरं तर सुरुवात होऊन गेलेली असायची.

वायर लावली. शिवाय गेमच्या साउंड सेटिंगमध्ये गेलो तर इंजिन १००, टायर ४०, वारा ६०, वर म्युझिक चालू. म्युझिक बंद, इंजिन ५५, टायर १००. दादा बसला. पहिला लॅप हळू. दुसऱ्या लॅपला शेवटच्या वळणात टायरने बारीक सूर धरला, आधी एकदम पातळ, कुईं करून, मग सूर जाड होत गेला, आणि दादाचा पाय हलला नाही. स्टिअरिंग केसभर सरळ केलं, सूर परत पातळ झाला. असे बारा लॅप, त्यात एक स्पिन, तो पण ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर चढल्यामुळे. मी मागे उभा राहून फक्त त्याचा उजवा पाय बघत होतो. पूर्वी झटका यायचा तिथे आता पाय नुसता श्वास घेतल्यासारखा खालीवर होत होता.

नंतर मी एक गोष्ट स्वतःवर करून बघितली, कारण हे फक्त दादाचं असेल की काय अशी शंका होती. दहा लॅप सगळ्या आवाजात, दहा लॅप पूर्ण म्यूट. म्यूटमध्ये मी सरासरी एका सेकंदाच्या वर हळू झालो, दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर हे खूप आहे. गिअर उशिरा पडायचे हे अपेक्षित होतं. पण ब्रेकखाली पुढची चाकं लॉक व्हायला लागली हे अजिबात अपेक्षित नव्हतं, मला वाटायचं ब्रेक मी पायाने मारतो, निघालं की निम्मा कानाने मारतो. मग इंजिनचा आवाज ठेवून फक्त टायरचा बंद केला, तर सरळ रस्त्यावर काही फरक नाही आणि लांब वळणांमध्ये सगळा वेळ गेलेला.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. गेममधले टायर खऱ्यापेक्षा जास्त ओरडतात. रस्त्याचे टायर ओरडतात हे खरं, रबर धरतं-सुटतं-धरतं त्या थरथरीचा तो आवाज, पण रेसिंगचे स्लिक, म्हणजे नक्षी नसलेले गुळगुळीत टायर, तसे ओरडत नाहीत, आणि ओरडले तरी उघड्या केबिनमध्ये हेल्मेटच्या आत, गिअरबॉक्सच्या केकाटण्यात ते किती ऐकू येणार. मग टायर १०० आणि इंजिन ५५ हे खोटंच झालं ना? माझं मत असं झालंय की हे खोटं ठेवलं पाहिजे. सीटमधून येणारी बातमी गेम देऊच शकत नाही, ती त्याने कानात नेऊन टाकली आहे, टायरच्या सूराची जाडी म्हणजे तुमच्या बुडाखालचा ओढा समजायचा. हा आवाज खऱ्या गाडीसारखा नसेल पण त्याच्या जोरावर माणूस खऱ्या गाडीसारखं चालवतो, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं. फक्त तो सूर स्लिपबरोबर सलग वाढला पाहिजे. काही जुन्या गेममध्ये ओरड चालू किंवा बंद एवढंच असायचं, तिचा काही उपयोग नव्हता.

इंजिनच्या आवाजाला मात्र मी ही सूट देणार नाही, आणि दादा तर मुळीच नाही. वायर लावल्यावर, गाडी ताब्यात आल्यावर, त्याची दुसरी तक्रार सुरू झाली. "पाय सोडला की इंजिन बदलायला पाहिजे. हे नुसतं बारीक होतंय." त्याने हे मला समजावून सांगितलं ते असं. पाय दिलेला असतो तेव्हा इंजिन हवा ओढतंय, पुढून खर्ज येतो. पाय सोडला की थ्रॉटल बंद, आता चाकं इंजिनला फिरवतायत, खर्ज जातो, मागून सायलेन्सरमधून पोकळ गुरगुर येते, मधूनच एखादा फुटका बार. आरपीएम तोच, पण इंजिन दुसरं. आणि आपल्या प्रकरणातला गुन्हेगार तर पाय सोडणं हाच होता, म्हणजे जी गोष्ट ड्रायव्हरला सगळ्यात स्पष्ट ऐकू यायला हवी तीच गेम मिळमिळीत करत होता.

हे का होतं त्याला कारण आहे. गेमसाठी इंजिन रेकॉर्ड करतात तेव्हा गाडी डायनोवर (जागच्या जागी चाकं फिरवून ताकद मोजायच्या यंत्रावर) बांधतात किंवा ट्रॅकवर नेतात, माइक सायलेन्सरजवळ, बॉनेटखाली, केबिनमध्ये, मग ठराविक आरपीएमचे तुकडे घेतात, लोड असलेले (पाय दिलेला) वेगळे आणि लोड नसलेले (पाय सोडलेला) वेगळे, आणि गेममध्ये हे तुकडे एकमेकांत मिसळत, सूर वर-खाली ताणत वाजवतात. तुकडे कमी असले की ताणायचं अंतर वाढतं. चार सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, ६००० आरपीएमला सेकंदाला १०० फेरे, म्हणजे मूळ सूर २०० हर्ट्झ, आठ सिलिंडरचं व्ही ८ असेल तर ४००. हा सूर आरपीएमबरोबर चढायलाच पाहिजे. पण सायलेन्सरच्या पाइपची घुमणारी फ्रिक्वेन्सी, केबिनची घुमणारी फ्रिक्वेन्सी, या चढत नाहीत, पाइप तेवढाच लांब आहे. ४००० चं रेकॉर्डिंग ताणून ७००० ला वाजवलं की पाइपपण आखूड झाल्यासारखा वाजतो, आणि आपल्या कानाला ते लगेच खेळण्यातलं वाटतं, कारण सांगता आलं नाही तरी. ग्रॅन टुरिस्मो ५ आणि ६ च्या वेळी लोक इंजिनांना व्हॅक्यूम क्लीनर म्हणायचे ते आठवत असेल, गाड्यांचं हँडलिंग आणि रंगकाम इतकं जीव ओतून केलेलं आणि आवाज असा, २०१७ च्या ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टमध्ये ते बरंच सुधारलं. आता अनेक ठिकाणी रेकॉर्डिंगचे अगदी मिलिसेकंदांचे कण करून ते आरपीएमप्रमाणे पेरतात, त्याने ताणाताणी कमी होते. आणि २०२२ मध्ये एका डेव्हलपरचा इंजिन सिम्युलेटर गाजला, त्यात रेकॉर्डिंग नाहीच, सिलिंडरमधला आणि पाइपमधला गॅस कसा वाहतो ते मोजून आवाज तयार होतो. दादाला तो ऐकवला. त्याने थ्रॉटल बंद केल्यावरचा भाग तीनदा परत लावायला सांगितला.

ब्रेक पॅडलचं राहिलंच. आमचं पॅडल किती खाली गेलं ते मोजतं, खरा ब्रेक किती जोरात दाबला ते मानतो, त्यामुळे दादाचा ब्रेक अजून एकसारखा पडत नाही. त्याला जोर मोजणारं, लोड सेलवालं पॅडल लागेल, ते घ्यायचंय.

आत्ताची परिस्थिती अशी की त्या वळणात दादा माझ्यापेक्षा हळू नाही. बाकी ट्रॅकवर मी पुढे, तिथे तो. इंजिनच्या आवाजासाठी आम्ही त्या गाडीचा दुसऱ्या कोणीतरी बनवलेला आवाजाचा संच, म्हणजे साउंड मॉड, टाकला, लोड नसलेले तुकडे त्यात वेगळे रेकॉर्ड केलेत हे ऐकताक्षणी कळतं. तिसऱ्या-चौथ्या गिअरला दादाला तो पटला. दुसऱ्या गिअरला पाय सोडल्यावर बार दर वेळी त्याच जागी फुटतो, बरोबर ४२०० ला, हे त्याने चौथ्या लॅपला पकडलं, आणि तेव्हापासून तो त्या गिअरमध्ये पाय सोडायच्या आधीच कान टवकारून बसतो.